फौजीकाकांचा रेडिओ सुरू केला ते दिवस

अहो,

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव सुटला, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या गेल्या. आलेल्या प्रत्येकानं मला एकच सांगितलं, मारोतराव लय शांत माणूस. कापसाच्या जिनिंगमध्ये इतकी वर्षं मोटारी सांभाळल्या, पण कुणाला उलटून एक शब्द बोलले नाहीत. मी मान हलवत होते आणि मनातल्या मनात मला हसू येत होतं. शांत! ह्या लोकांनी तुम्हाला खिडकीजवळच्या टेबलाशी कधी पाहिलंच नाही. एखाद्या मेलेल्या रेडिओतून पहिली गुणगुण आली की स्टुलावरून उठून "आलाऽऽ, आला बग!" म्हणून ओरडणारा माणूस त्यांना ठाऊकच नाही. तुमच्या त्या ओरडण्यानं शेजारच्या काकू एकदा तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं, कोणी गावाहून आलं.

म्हणून ठरवलं, जे त्यांना माहीत नाही ते तुमच्याशीच बोलायचं. यंदाच्या पौषातले ते आठ दिवस. आता रडून रडून डोळे सुजलेत, तरी ते दिवस आठवले की माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि तो आनंदाचा येतो. काय करू?

तुमचं टेबल मी अजून हलवलेलं नाही. शाळेतून मोडीत काढलेलं ते लांबोडकं सागवानी टेबल, त्याखाली लाकडी फळ्या, फळ्यांवर रबराची चटई. भिंतीला तुमची सिरीजची पाटी. आपलं लग्न झालं तेव्हा ती पाटी नव्हती. तेव्हा तुम्ही आलेली वस्तू सरळ भिंतीच्या पिनीत लावायचात आणि काय होतं ते बघायचात. मग एका गावच्या भजनी मंडळाचा वाल्वचा अँप्लिफायर आला. तीन वर्षं माळ्यावर पडून होता. सप्ताह चार दिवसांवर, म्हातारे टाळकरी दारात ओळीनं बसलेले. तुम्ही ऐटीत पिन लावली. अर्ध्या मिनिटात आतून काळा धूर, जळक्या रबराचा वास, आणि ट्रान्सफॉर्मर खलास. त्यातला एक म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, "आमी आणला तवा तर धूर नव्हता." तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

त्यानंतर तुम्ही पाटी केली. मला समजावून सांगितलंत तेही आठवतं. मी शाळेत चौथीला शिकवते, मला चौथीच्या पोरांसारखं सांगा म्हणाले. तर तुम्ही म्हणालात, "हे बग. वीज भिंतीतून येते ती आधी ह्या बल्बातून जाती, मग वस्तूत. वस्तूत कुटं काही चिकटलेलं असलं, तर सगळी वीज बल्ब स्वतःवर घेतो आन् लखलखीत पेटतो. वस्तू जळत न्हाई. वस्तू चांगली असली तर बल्ब मंद. बल्बच बोलतो आपल्याशी. आपून फक्त बगायचं."

बघायचं काम माझ्याकडे आलं. पाटीच्या बटणावर माझा उजवा हात, नजर बल्बवर. डावा हात खिशात घाला, हा तुमचा नियम. म्हणजे दोन हातांतून वीज छातीतून जायला नको. माझ्या साडीला कुठला खिसा? तुम्ही विचार करकरून सांगितलंत, पदराचं टोक मुठीत धर आन् हात कमरेमागं ठेव. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. बांगड्या काढून खिडकीत. तुमचं घड्याळ माझ्या बांगड्यांशेजारी. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "बांगड्या काढून काय करायलाव दोघं?" तुम्ही इतके लाजलात की दिवसभर बाहेर पडला नाहीत.

रेडिओकडे येते.

मार्गशीर्षात मामंजी गेले. तुमच्या गावचं घर आवरायला आपण गेलो. तुमच्याकडची मेंढरं केव्हाच विकली होती, पण घरात लोकरीचा वास तसाच होता. माळवदाखालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात, दोन घोंगड्यांत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं एक जड गाठोडं निघालं. मला वाटलं, भांडी असतील. सोडलं तर रेडिओ. केवढा मोठा! लाकडी पेटी, समोर सोनेरी धाग्याचं कापड, हस्तिदंती रंगाची चार बटणं, काचेवर गावांची नावं. मी तर हरखूनच गेले. तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही दाराच्या चौकटीला धरून उभे. तुमचा चेहरा उतरलेला.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मी विचारलं, "हा कुणाचा, आत्याबाई?"

"फौजीचा हाय," त्या म्हणाल्या. "तिकडच्या वस्तीतल्या. जाळपोळ झाली त्या साली तुझ्या सासऱ्यानी ठेवून घेतला."

त्या सालाबद्दल मला सांगायची गरज नव्हती. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि आपल्या मराठवाड्यात गावोगाव बौद्धवाड्या पेटल्या, तो पावसाळा. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला, आता वसतिगृहात असलेल्या लेकीच्या वेळी, पोखर्णीला माहेरी होते. तुम्ही गावी होतात. एवढंच मला ठाऊक होतं, कारण त्या दिवसांविषयी तुम्ही कधी बोलला नाहीत आणि बाळाच्या नादात मीही विचारलं नाही.

"आन् फौजी?" मी विचारलं.

"गेले की समदे परभणीला. परत न्हाई आले."

एसटीत रेडिओ तुमच्या मांडीवर होता. मी गप्प बसायला हवं होतं, पण मी गप्प बसणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. गंगाखेड येईपर्यंत धीर धरला, मग बोललेच. "पंधरा वर्षं रेडिओ घोंगडीत जपून ठेवला. मामंजींनी रेडिओ ठेवून घेतला, माणसं का नाही ठेवून घेतली? दार होतं की घराला."

तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. तूर पिवळी पडलेली, तिच्याकडे. मी पुन्हा म्हणाले, "बोला की. तुमचे वडील होते."

तुम्ही म्हणालात, "चालू करून देऊ. नुसता न्हाई द्यायचा. चालू करून द्यायचा."

मला त्या उत्तराचा राग आला. पण घरी येऊन तुम्ही पेटीचं मागचं झाकण काढलंत आणि माझा राग पळाला. आत उंदराचं घरटं! कापूस, ज्वारीची फोलं, कुठल्यातरी पंचांगाचे कपटे. आणि त्या सगळ्याच्या मध्ये धुळीनं माखलेले सहा काचेचे वाल्व, एकही फुटलेला नाही. मी टाळी वाजवली. लगेच म्हणाले, "लावा ना एकदा. बघू तरी."

"खुळी हायस का?" तुम्ही म्हणालात. "पंधरा वर्षं झोपलेल्या माणसाला उठल्या उठल्या पळायला लावतेस व्हय?"

दोन दिवस तर तुम्ही विजेला हातच लावला नाहीत. मऊ कुंचल्यानं धूळ काढली. सांगाडा अंगणात उन्हात ठेवला, वर पातळ धोतर टाकून. मी शाळेतून येताना रोज लांबूनच बघत यायचे, ते धोतर दिसतं का. पिनीची वायर उंदरांनी कुरतडलेली, तिचं कापड बोटानं भुगा होत होतं. ती काढून नवी तीन पदरी वायर लावलीत आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग जोडलंत. मग फ्यूजची टोपी उघडली आणि तुम्ही मला हाक मारली, "इकडं ये, बग." फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून बसवली होती.

"ह्या तारेनं घर जळलं असतं, पण फ्यूज न्हाई जळला," तुम्ही म्हणालात.

आणि म्हणून झाल्यावर तुम्ही तसेच बसून राहिलात, पक्कड हातात धरून. मी चहा आणून ठेवला तो गार झाला.

तिसऱ्या दिवशी पहिली परीक्षा. रविवार होता, लख्ख उजेड होता. तुम्ही सगळे वाल्व काढून कापसात ओळीनं मांडून ठेवले, नुसता ट्रान्सफॉर्मर जोडलेला. पाटीला चाळीसचा बल्ब. आपल्याकडे शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज एकदम चढतं, म्हणून तुम्ही आधी मीटर लावून पाहिलंत, पुन्हा पाच मिनिटांनी पाहिलंत. मला म्हणालात, "लखलखला तर ईचारू नकोस. बंद कर."

मी बटण दाबलं. बल्ब एकदा लुकलुकला आणि त्याची तार नुसती लालसर होऊन थांबली. बस! रेडिओच्या पोटातून अगदी बारीक, भुंग्यासारखा हुंकार. ट्रान्सफॉर्मर जिवंत! मला तर ओरडायचंच होतं, पण तुम्ही बोट वर केलंत. एक तास तसाच ठेवायचा म्हणालात. एक तास आपण दोघं त्या लाल तारेकडे बघत बसलो. मी शेंगा सोलत होते, त्याही धडपणे सोलल्या जात नव्हत्या. तासानं बंद करून, पिन काढून, तुम्ही ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवलात. कोमट. "ताप न्हाई," तुम्ही म्हणालात आणि हसलात. त्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदा हसलात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अक्षरशः पळत आले. बाईंना एवढी काय घाई म्हणून पोरं बघत होती. वाल्व बसवलेले होते. मी बांगड्या काढल्या, पदर मुठीत धरला, बटण दाबलं. बल्ब पेटला. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की वाल्व गार असतात, पहिल्यांदा पेटेल आणि मग उतरेल. मी मोजत होते. दहा. पंधरा. वाल्वमधल्या तारा लाल होऊ लागल्या, बल्ब जरासा उतरला, आणि मग एकदम लखलखीत! चाळीसचा पुरा चाळीस. भिंतीवर तुमची सावली पडली. तुमचं तोंड उघडायच्या आत मी बंद केलं होतं.

"शाबास," तुम्ही म्हणालात. तुमच्या कपाळावर घाम होता. "पाटी नसती तर आत्ता धूर होता."

कुठं चिकटलंय ते शोधायला तुम्हाला दहा मिनिटं लागली. एक वाल्व काढला की बल्ब मंद, बसवला की लखलखीत. म्हणजे त्याच्या पुढचा, वीज साठवणारा मोठा कंडेन्सर, तो अॅल्युमिनियमचा डबा, आतून सुकून गेलेला. इथं आपलं भांडण झालं. कसलं भांडण झालं हो! मी म्हणाले, बदला. तुम्ही म्हणालात, त्याला हळूहळू वीज पाजत राहू, कधी कधी असा कंडेन्सर सुधारतो. मी म्हणाले, जो पुरा चिकटलाय तो कशाला सुधारतोय? आणि काकांच्या घरी जाऊन फुटला तर?

"काकांचा रेडिओ काकांना द्यायचाय मला," तुम्ही आवाज चढवलात. "त्यात माझं सामान घालून न्हाई."

"सामान बदललं म्हणून रेडिओ बदलतो का? उद्या विद्यापीठाचं नाव बदललं म्हणून काय शाळा-कॉलेजं दुसरी होणारेत? जळणारी गोष्ट काढायची आणि चांगली घालायची, ह्यात कसला कमीपणा?"

तुम्ही उठून बाहेर गेलात. शांत माणूस म्हणे! दार असं आपटलंत की खिडकीतल्या माझ्या बांगड्या वाजल्या. दीड दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग परभणीहून नवा कंडेन्सर घेऊन आलात, आणि काय केलंत! तो अॅल्युमिनियमचा जुना डबा तळातून अलगद कापलात, आतला वाळलेला कागद बाहेर काढलात, आणि नवा छोटा कंडेन्सर त्याच्या पोटात बसवून डबा पुन्हा बंद केलात. वरून काही कळत नव्हतं. मला दाखवलंत आणि विचारलंत, "आता? कोन जिंकलं?" मी म्हणाले, मी. तुम्ही म्हणालात, मी. हे अजून ठरलेलं नाही बरं का. अँप्लिफायरसारखा धूर झाला नाही ना, मग मीच जिंकले. बोला आता.

भोगीच्या दिवशी सकाळी मी बाजरीची भाकरी आणि मिसळीची खिंगाट भाजी केली, पण दोघांचंही जेवणात लक्ष नव्हतं. दोन मेणकट कागदी कंडेन्सरही तुम्ही आता न सांगता बदलले होते. मी बटण दाबलं. बल्ब पेटला. उतरला. मी मोजत होते, वीस, तीस, आणि तो उतरलेलाच राहिला! मंद, पिवळट, स्थिर. रेडिओच्या कपाळावरचा, छोट्या दिव्याचा हिरवा डोळा उघडू लागला. आधी धुकट, मग पोपटी, मग हिरवागार. जाळीच्या कापडामागून गुणगुण आली.

"आलाऽऽ! आला बग!"

तुम्ही ओरडलात आणि मीही ओरडले. साठचा बल्ब लावला, अर्धा तास. शंभरचा लावला, अर्धा तास. मग पाटी सोडून सरळ भिंतीत. तुम्ही उजव्या हाताच्या दोन बोटांनी बटण फिरवत होतात, काचेवरचा काटा गावांवरून सरकत होता, खरखर, शिट्टी, खरखर, आणि परभणी केंद्रावर बाजारभाव! कापूस, तूर, ज्वारी. एवढं सुंदर मी काही ऐकलं नाही. बाजारभाव ऐकताना रडणारी बाई तुम्ही तरी दुसरी पाहिली होतीत का? त्या रेडिओचा आवाज केवढा जाड, केवढा ऊबदार. माणूस घोंगडी पांघरून शेजारी बसून बोलतोय असं वाटत होतं.

तुम्ही मात्र मला म्हणालात, "उद्या जायचं."

"उद्या संक्रांत आहे. आणि सगळीकडे बंदोबस्त आहे म्हणतात."

"उद्याच."

संक्रांतीला दुपारच्या एसटीत आपण बसलो. गाडीत माणसं थोडी, आणि बोलणं त्याहून थोडं. मुंबईत आज काहीतरी ठरणार असं सगळे कुजबुजत होते. काही जण खूश, काही जणांच्या कपाळाला आठ्या, बाकी सगळे नुसते खिडकीबाहेर बघणारे. स्टँडवर पोलीस. रेडिओ तुमच्या खांद्यावर, पिशवीत तुमची पाटी आणि तीन बल्ब, माझ्या हातात तिळगुळाचा डबा. एका पोलिसानं विचारलं, "ह्या पेटीत काय?" तुम्ही म्हणालात, "रेडिओ. मालकाला द्यायलाव." त्यानं सोडलं.

काकांचं घर तुम्ही एकदाही न विचारता शोधलंत. गल्लीत वळलात, तिसरं दार. तुम्हाला ते कसं माहीत, हे तेव्हा माझ्या मनात आलं, पण त्या गडबडीत राहून गेलं.

फौजीकाका दाराशी बाजेवर बसले होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, पायात अजून फौजेतले बूट. गल्लीतली माणसं एका छोट्या ट्रान्झिस्टरभोवती जमलेली, आणि नेमक्या वेळी त्याचे सेल उतरलेले. काकांनी तुमच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पेटीकडे. पेटी त्यांनी ओळखली. उठून उभे राहिले.

"सखाराम धनगराचा ना तू?"

"होय काका."

"बाप?"

"गेले. महिना झाला."

तुम्ही पेटी बाजेवर उतरवलीत. तुम्ही म्हणालात, "काका, रेडिओ सांभाळला आमी. माणसं न्हाई सांभाळली. ते सांगायला आलो."

काका तुमच्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता हे आपल्याला जा म्हणतील. मग म्हणाले, "आधी लाव. बाकीचं मागून."

त्या घरातली पिन कशी आहे ठाऊक नाही म्हणून तुम्ही टेस्टर लावलात, मीटर लावलात, पाटी जोडलीत. गल्लीतली माणसं कुरकुरू लागली, "आवो लावा की लवकर, बातम्या व्हायलात!" तुम्ही म्हणालात, "थोडा दम धरा." मी बांगड्या काढून काकांच्या सुनेच्या हातात दिल्या. तिला काही कळेना. मी बटण दाबलं. बल्ब पेटला, उतरला. हिरवा डोळा उघडला. एका बाईनं "अगं बाई!" केलं. तुम्ही काटा फिरवलात, आणि जाड, ऊबदार आवाजात संध्याकाळच्या बातम्या त्या खोलीत आल्या. दुसरंच वाक्य नामांतराचं होतं.

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. कुणी ऐकूच दिलं नाही! बाहेर घोषणा, आत रडणं, कुणीतरी माझ्या तोंडात तिळगुळ कोंबला, मी कुणाच्या तोंडात कोंबला. काकांची सून माझ्या गळ्यात पडली, मुठीत माझ्याच बांगड्या. पोरं उड्या मारत होती, फळीवरची भांडी वाजत होती. आणि काका रेडिओच्या पेटीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, सगळं बुलेटिन शेवटपर्यंत उभ्यानं ऐकत राहिले. तुम्ही कोपऱ्यात. तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. इतका आनंद आणि इतकी भीती एकाच चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, भीती रेडिओची असेल, कंडेन्सरची.

परतताना मी गाडीत बोलतच होते, बोलतच होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाटी तिथंच ठेवून आलोय. दुसरी करू." दुसरी केलीत. भिंतीवर आहे ती दुसरी.

त्यानंतर दर रविवारी तुम्ही परभणीला जायचात. सामान आणायचंय म्हणायचात, पण सामान काही यायचं नाही. मी चिडवायचे, परभणीला कुणी ठेवलीय का? तुम्ही लाजायचात. वैशाखात एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्याबद्दल लिहिणार नाही.

आज सकाळी फौजीकाका आले. एकटे, एसटीनं, तेच बूट घालून. तेराव्याच्या गर्दीत नको म्हणून आज आले म्हणाले. तुमच्या टेबलाशी स्टुलावर बसले. मी चहा दिला. मग विचारलं, "काका, दर रविवारी हे तुमच्याकडेच यायचे का?"

"दर ऐतवारी."

"काय बोलायचात दोघं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला त्यानं सांगितलं न्हाई?"

"काय?"

काका टेबलावरच्या पकडीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी दिवेलागणीला आमी तुमच्या दाराशी आलो होतो. मी, मंडळी, दोन लेकरं. डोक्यावर रेडिओ. तुझा सासरा घरात नव्हता, मेंढरांमागं रानात होता. दार मारोतीनं उघडलं. मी म्हणलो, एक रात ठेवून घे. त्यानं आमच्याकडं बगितलं, गावाकडं बगितलं. गावातून लोक यायलेले दिसत व्हते. त्यानं माझ्या डोक्यावरचा रेडिओ उचलून आत घेतला. आन् दार लावलं."

अहो, हातातली बशी मी टेबलावर ठेवली. पंचवीस वर्षांचे होतात तुम्ही. बाळ नुकतं जन्मलेलं, ते आणि मी पोखर्णीला. एसटीत मी तुम्हाला 'तुमचे वडील, तुमचे वडील' म्हणत होते आणि तुम्ही तुरीकडे बघत होतात. सासूबाईही तुमच्यासाठी खोटं बोलल्या, आणि तुम्ही मेलेल्या बापावर ते तसंच राहू दिलंत. ह्याचा मला राग आहे. तो आज लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला कळावा.

"तुम्ही कुठं गेलात मग?" मी विचारलं.

"नाल्यात. सकाळपतुर. लेकरं भिजली, पर वाचली."

मी विचारलं, "तुम्ही ह्यांना माफ केलंत, काका?"

"न्हाई," ते म्हणाले. लगेच म्हणाले, थांबले नाहीत. "तोंडावर सांगितलं त्याला, माफ न्हाई होत माझ्याच्यानं. म्हणला, नका करू, पर येऊ द्या. आदी बी दोन-चारदा दारापतुर येऊन माघारी गेला व्हता, त्यानंच सांगितलं. म्हणून यायचा. रेडिओ पुसायचा, बसायचा. माफ न्हाई केलं म्या. पर दर ऐतवारी त्याच्यासाठी चहा ठेवला."

मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम फौजेतल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "रेडिओ खरखर करायलाय. त्यो म्हणायचा, माज्याहून तिला जास्ती कळतं. खरं हाय का?"

अहो, असं म्हणायचात? मला का नाही कधी म्हणालात! मी म्हणाले, "येत्या रविवारी येते, काका. आवाजाच्या बटणात धूळ गेली असेल, दुसरं काही नाही." आणि बोलता बोलता मला तशाही परिस्थितीत हुरूप आला. कुठला स्क्रू आधी सोडायचा, पुसायला काय न्यायचं, ते डोक्यात सुरूसुद्धा झालं. काका गेल्यावर मी हत्यारांची पिशवी भरली. लाज वाटली, पण भरली.

एकच राहिलं. तुम्ही हे पंधरा वर्षं माझ्यापासून दडवलंत, कारण तुम्हाला वाटलं, मी सोडून जाईन, नाहीतर तुमच्याकडे पुन्हा तसं बघणार नाही. सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, हे मी आज दिवसभर खरं खरं शोधत होते. रडले असते. तुम्हाला वाटेल ते बोलले असते. चार दिवस अबोला धरला असता. पाचव्या दिवशी तुमच्याबरोबर परभणीची एसटी धरली असती.

एवढंच झालं असतं हो.